सोनलला गाडी लागते

सानपाड्याच्या गावठाणात आणि उरणकडच्या तिच्या माहेरी एक गोष्ट लहानथोरांना ठाऊक होती: सोनलला गाडी लागते. लग्नाहून, हळदीहून, जत्रेहून परत निघताना कुणी ना कुणी तिच्या हातात लिंबू ठेवायचं, कुणी प्लास्टिकची पिशवी द्यायचं आणि तिच्या नवऱ्याला, कुंदनला, बजावायचं, "हळू घ्या हां, हिला मळमळतं." कुंदन हसून म्हणायचा, "हिच्यामुळं माझी गाडी बैलगाडी झाली." लोक हसायचे. सोनलही हसायची.

खरी गोष्ट अशी, की सोनलला गाडी कधी म्हणजे कधीच लागत नव्हती. जाताना हीच बाई पुढच्या सीटवर बसून चिवडा खात जायची, काचा बंद, एसी चालू, तोंडाला खंड नाही. लागायची ती फक्त येताना. रस्ता तोच, गाडी तीच, बाईही तीच. जाताना आणि येताना बदललेला असायचा तो कुंदन. एवढी उघडी गोष्ट दोन्ही घरांत कुणाच्याच ध्यानात आली नाही. की आली आणि सगळ्यांनी गिळली, देव जाणे.

कुंदन वाईट माणूस नव्हता, हे सांगून टाकलेलं बरं. आजोबांची भातशेती शहरात गेली, त्याबदली मिळालेल्या प्लॉटवर त्याच्या वडिलांनी चार मजले चढवले. खाली गाळे, वर भाडेकरू, आणि सगळ्यांशी कुंदनचं बरं होतं. तो रोज पिणाऱ्यांतला नव्हता. बायकोवर त्याने कधी हात उचलला नाही, पोरांना कधी शिवी दिली नाही. पण आगऱ्यांच्या घरी कार्य असलं की पाहुणा कोरडा जाता कामा नये, आणि कुंदन कुठे मामा, कुठे काका, कुठे जावई. मान आला की घ्यावा लागतो. मान घेऊन झाला की चावीही तोच घ्यायचा. "ड्रायव्हर ठेवतात ते म्हातारे," तो म्हणायचा. "कुंदनचा हात कदी हललेला बगितलाय कोनी?"

कोणी बघितला नव्हता. कारण हात हलायच्या आधी सोनल हलत होती.

लग्नाच्या पहिल्याच वर्षी तिला कळून चुकलं होतं, की "हळू चालवा" म्हटलं की कुंदनचा पाय आणखी जड होतो. नवऱ्याच्या चुकीवर बोट ठेवलं की तो हट्टाला पेटतो, आणि आपलं काही दुखतंय म्हटलं की तोच बापडा लोण्यासारखा मऊ होतो. मग तिने आपलं एक दुखणं काढलं. उरणच्या रस्त्यावर कंटेनरचे ट्रेलर कडेला उभे असतात, मागे ना दिवा ना खुणेची फांदी. लांबून ट्रेलर दिसला, की सोनल पदर तोंडाला लावायची: "आवो, जरा हळू, पोट ढवळतंय." कुंदन ब्रेक दाबायचा. सिग्नल लाल झालेला त्याच्या नजरेत भरला नाही, की ही: "थांबा, थांबा, उलटी होते." तो थांबायचा. त्याच्या पापण्या जड व्हायला लागल्या, की ती मुद्दाम नणंदेचा विषय काढायची. भांडताना माणूस झोपत नाही.

जिला स्वतःला गाडी चालवता येत नव्हती, त्या बाईने इतकी वर्षं ती गाडी सुखरूप घरी आणली, आणि नाव झालं कुंदनच्या हाताचं. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं ती मनाशी म्हणायची. आणि खोटं कशाला बोला, तिला याचा थोडा अभिमानही होता. मागच्या सीटवर प्रीतम आणि नमिता असायची. "झोपा रे," ती मान वळवून सांगायची, आणि पोरं डोळे मिटायची.

प्रीतम दहावी झाला त्या वर्षी कुंदनने चुलतभावाच्या हळदीत त्याच्या हातात पहिला ग्लास दिला. सगळ्यांच्या देखत. "माझ्या समोर घे," तो म्हणाला. "चोरून पिनारा पोरगा वाया जातो." आजूबाजूच्या बाप्यांनी माना डोलावल्या, बाप असावा तर असा, मित्रासारखा. कायदा काय म्हणतो ते तिथे कुणी विचारलं नाही. सोनललाही तेव्हा त्यात वावगं वाटलं नव्हतं. भाडेकरूंची पोरं जिन्यात लपून काय काय करतात ते ती बघत होती. त्यापेक्षा आपला डोळ्यांसमोर आहे, असा तिने विचार केला.

अठरा पूर्ण झाल्यावर प्रीतमने लायसन काढलं. नमिता तेव्हा अकरावीत. भाऊबहीण कुठे निघाले की सोनल म्हणायची, "बहीण सोबत हाय, सांभाळून जा." तिला वाटे, बहीण बरोबर असली की पोरगा जपून वागतो.

गेल्या महिन्यात महाप्याच्या नणंदेकडे लग्नाचा मांडव होता. सोनलला ताप होता म्हणून पोरंच गेली. दोन दिवसांनी नणंदेचा फोन आला, इकडचं तिकडचं झालं आणि ती म्हणाली, "वहिनी, नमिताला पन गाडी लागते काय गं? आमचा पोरगा सांगत होता, आइस्क्रीम खायला नेरूळला निघालेली चौघं, तर हिनं वाटेत गाडी थांबवायला लावली. आईवर गेली अगदी."

"हो, लागते कदी कदी," सोनल म्हणाली आणि फोन ठेवला.

ती तशीच ओट्याला टेकून उभी राहिली. नमिताला गाडी लागत नाही. एकविरेला जाताना घाटात ही पोरगी मोबाइलवर पिक्चर बघत बसते. जगात एकच माणूस होतं, ज्याला या दुखण्याचा अर्थ माहीत होता, आणि ते माणूस म्हणजे सोनल.

नमिता क्लासहून आली तेव्हा सोनलने दार लावून घेतलं. "दादा त्या दिवशी प्यायला होता?"

नमिताने बॅग खाली ठेवली. "तुला कोणी सांगितलं?"

"विचारते त्याचं उत्तर दे."

"होता. आत्याच्या मांडवात सगळेच घेत होते."

"किती वेळा झालं असं?"

"महाप्याला तिसऱ्यांदा." पोरगी शांतपणे सांगत होती, जणू भाजी काय केली ते सांगावं. "टेन्शन नको घेऊ. मी पुढे बसते ना. मला कळतं तो कधी फास्ट जातो ते. मग मी बोलते उलटी होते. मित्रांसमोर त्याला 'हळू चालव' बोललं की तो जास्तच पळवतो. एकदा तर…" ती थांबली. "जाऊ दे."

"मला का नाही सांगितलंस?"

नमिताने आईकडे नवलाने पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, हेच वाईट होतं. "तू कोणाला सांगतेस?" ती म्हणाली. "मला वाटलं, असंच करायचं असतं."

सोनलला रडू आलं नाही. तिला स्वतःची शिसारी आली. आजवर तिला वाटत होतं, मागच्या सीटवर पोरं झोपलेली असतात. पोरं झोपलेली नव्हती. डोळे मिटून ती शिकत होती, आणि दोघं आपापला धडा शिकून मोकळी झाली होती.

त्याच संध्याकाळी तिने कुंदनच्या कानावर घातलं. सगळं नाही. प्रीतम पिऊन गाडी चालवतो, एवढंच. कुंदनचा चेहरा उतरला. पोरांवर त्याचा जीव होता. त्याने प्रीतमला हाक मारली आणि दरडावून सांगितलं, "पिऊन गाडीला हात लावायचा नाय. समजला?"

"हो पप्पा."

लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. इथे तर सांगणारा कोरडाही नव्हता, अधूनमधून चांगला भिजलेला असायचा. प्रीतमने मान खाली घातली, पण ओठांच्या कोपऱ्यात हसू होतंच. तो उर्मट पोरगा नव्हता. जे त्याला खरंच वाटत होतं, तेच तो बोलला. "आई, तू उगाच घाबरतेस. पप्पा इतकी वर्षं चालवतात, गाडीला कधी साधा ओरखडा तरी आला का? काही लोकांना चढते, आपल्याला नाय चढत. रक्तातच हाय ते आपल्या."

कुंदनची छाती नाही म्हटलं तरी थोडी फुगली. "माझी गोष्ट येगली," तो म्हणाला, पण त्या म्हणण्यात दम नव्हता.

सोनलने तोंड उघडलं. सांगायला हवं होतं, त्याच क्षणी. पण पोरासमोर बापाची लाज काढायची, हे तिच्या हाडात नव्हतं. तिने तोंड मिटलं आणि आमटीला फोडणी द्यायला गेली. त्यानंतर किती तरी रात्री तिला पोराचं ते वाक्य ऐकू येत राहिलं. गाडीला ओरखडा नव्हता, कारण तो तिने येऊ दिला नव्हता. आणि तो आला नाही म्हणूनच पोरगा बेधडक झाला होता. बापाने पोराला पिऊन चालवायला शिकवलं असेल. पण पिऊन चालवलं तरी काही होत नाही, हे शिकवलं होतं आईने.

मग उरणकडे तिच्या भावाच्या, हिरामणच्या, मोठ्या मुलाचं लग्न आलं. चौघं आदल्या दिवशी हळदीला गेली, रात्री तिथेच राहिली. लग्न दुपारी लागलं. पंगती उठल्या, आणि मांडवामागे जावयांची वेगळी बैठक बसली. कुंदन त्या घरचा थोरला जावई. त्याचा ग्लास रिकामा राहिला तर हिरामणला झोप येणार नाही. प्रीतम बापाच्या शेजारी खुर्ची ओढून बसला होता. सोनल बायकांत बसून विहिणींची चेष्टा ऐकत होती, पण तिचं अर्धं लक्ष मांडवाच्या त्या कनातीकडे होतं.

उन्हं कलली तशी निघायची वेळ झाली. निरोप द्यायला सगळं घर मैदानाच्या कडेला जमलं, कारण गाड्या तिथेच लावल्या होत्या. कुंदन चावी बोटावर फिरवत आला. डोळे लालसर, चाल जरा रुंद, बोलणं मात्र गोड. "उलव्यापर्यंत मी," तो म्हणाला, "फुडं प्रीतम चालवंल. पोराचा हात बसाया पायजे." प्रीतम त्याच्या मागे उभा होता आणि त्याचेही डोळे तसेच होते.

सोनलची भावजय लिंबू घेऊन धावत आली. "ननंदबाई, ह्ये ऱ्हाऊ द्या हातात. गाडी लागते ना तुमाला."

सोनलने लिंबू घेतलं नाही.

"मला गाडी लागत नाय," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच ओळखू येईना. "कदीच लागली नाय."

"अशी काय बोलतेस?" हिरामण हसला. "लहानपनापासून…"

"लहानपनी लागायची का मला, दादा? आठव बरं. लग्नानंतर लागायला लागली. येताना. ह्यांनी घेतलेली असली, की." तिने कुंदनकडे पाहिलं नाही; पाहिलं असतं तर पुढचं बोलता आलं नसतं. "यांना ट्रेलर दिसत नाय, सिग्नल दिसत नाय. मी बोलते उलटी येते, मग हे ब्रेक मारतात. आजपर्यंत असंच चाललं. आज मी बसनार नाय आणि माझी पोरं पन बसनार नाय."

मांडवातला भटारीही पातेलं घासायचं सोडून बघायला लागला. माहेरच्या दारात, चार पाहुण्यांसमोर, थोरल्या जावयाचा असा पाणउतारा त्या गावात कुणी ऐकला नव्हता. हिरामण काकुळतीला येऊन म्हणाला, "बाय, घरी जाऊन बोला काय ते."

कुंदनच्या कानशिलावरची शीर उडत होती. "मना गाडी चालवता येत नाय?" तो म्हणाला. "बरा. हातच्या काकणाला आरसा कशाला? ह्या मैदानाला फेरी मारतो, बगा सगली. प्रीतम, बस."

"मी पन बसते," सोनल म्हणाली. "पन तोंड उघडनार नाय."

हिरामणने क्रिकेट खेळणारी पोरं हाकलून मैदान मोकळं केलं. कुंदन स्टेअरिंगवर, शेजारी सोनल, मागे प्रीतम. नमिता मामीजवळ उभी राहिली. मैदान चांगलं प्रशस्त होतं, पलीकडच्या कडेला फक्त मांडववाल्याचा टेम्पो, मागे लोखंडी पाइप लादलेले, हौद्याच्या बाहेर चांगले तीन-चार हात आलेले.

पहिली बाजू सरळ गेली. कुंदनने आरशातून पोराकडे बघून भुवई उडवली. दुसऱ्या बाजूला त्याने जरा वेग घेतला, सगळ्यांना दिसावं म्हणून. सोनलला टेम्पो दिसला. पाइप दिसले. तिचा हात आपोआप पदराकडे गेला, आणि तिने तो मांडीखाली दाबून धरला. आता, तिला वाटलं, आता तरी बघतील. कुंदन समोरच बघत होता. पण डोळे समोर असणं वेगळं आणि दिसणं वेगळं. तिने जीभ दातांत इतकी घट्ट धरली, की रक्ताची चव आली.

"पप्पा!" मागून प्रीतम ओरडला.

ब्रेक लागला. गाडी मातीत घसरत गेली. पाइपांनी बॉनेटवरून खरवडत येऊन पुढची काच तडकवली आणि तिथेच, कुंदनच्या छातीपासून दोन हातांवर, ते थांबले. धुरळा उडाला. कुणाला काही लागलं नाही.

कुंदन धाडकन सोनलकडे वळला. "अगं, सांगितला का नाय तू!"

तो एवढंच बोलला, आणि मग त्याने स्वतःचं बोलणं ऐकलं. गाडीतल्या तिघांनीही ऐकलं. काचा उघड्या होत्या, बाहेरही ऐकू गेलं असेल. कुंदन स्टेअरिंग धरून तसाच बसला. त्याच्या चेहऱ्यावरचा सगळा राग उतरून गेला होता आणि त्याच्या जागी काय आलं होतं, ते सोनलला बघवेना. इतकी वर्षं तिने हेच टाळलं होतं. तिला त्याची दया आली, खूप आली. तरी तिने त्याला सावरून घेतलं नाही.

लोक धावत आले. हिरामणने दार उघडलं. प्रीतम उतरला आणि नमितासमोर जाऊन उभा राहिला. त्याचा रंग पांढराफटक पडला होता.

"नमा," तो म्हणाला, "त्या दिवशी नेरूळला जाताना, पाम बीच रोडला… तू पण…?"

नमिताने आईकडे पाहिलं. सोनलने मानेनेच सांगितलं, बोल.

"सिग्नल लाल होता, दादा. एक बाई रस्ता क्रॉस करत होती. कडेवर बाळ होतं तिच्या. मी ओरडले उलटी येते म्हणून, तेव्हा तू ब्रेक मारलास. ती बाई बॉनेटला हात लावून गेली. आपल्याला शिव्या देत गेली."

"नाय," प्रीतम म्हणाला. "बाई नव्हती कुणी."

"होती."

"मला नाय आठवत. नमा, आईशप्पथ, मला बाईच नाय आठवत." तो मटकन खाली मातीत बसला. अठरा वर्षांचा घोडा झालेला पोरगा, पण तोंड असं झालं होतं, जसं जत्रेत आईचा हात सुटल्यावर लहानपणी झालं होतं. तो गोळा झालेल्या पाहुण्यांकडे बघत नव्हता. तो ती बाई शोधत होता, डोक्यात, आणि ती सापडत नव्हती.

सोनल त्याच्याकडे निघाली, आणि थांबली. कारण कुंदन गाडीतून उतरला होता. लग्नाचे पांढरे कडक इस्त्रीचे कपडे, गळ्यात जाड चेन. हिरामण त्याला धरायला गेला, त्याने हात बाजूला केला. सगळ्यांना वाटलं, आता पोराच्या मुस्काटात बसणार. तो आला, गुडघ्यांवर हात टेकत पोराच्या शेजारी मातीत बसला.

"मना पन टेम्पो दिसला नाय, पोरा," तो म्हणाला.